उंदराला संधिवात झाला नाही, म्हणजे टॉलरन्स आला का?

नागपुरात एम.फार्म. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तिच्या सिनॉप्सिसचा आराखडा पाठवून मत विचारलं आहे. आराखडा असा: विस्टार जातीच्या रॅटना (मोठ्या उंदरांना) आधी काही दिवस तोंडावाटे टाइप टू कोलॅजन पाजायचं, मग संधिवात निर्माण करणारं इंजेक्शन द्यायचं. पाजलेल्या गटाचे पाय सुजले नाहीत, तर ‘इम्यून टॉलरन्स सिद्ध झाला’ असा निष्कर्ष काढायचा. तिने विचारलं आहे की मॉडेल कोणतं घ्यावं, गटात सहा प्राणी पुरतील का, आणि प्राण्यांत इतकं सुरेख जमलेलं हे माणसांत का फसलं. शेवटी एक घरचा प्रश्नही आहे. आईला बरीच वर्षं आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात, आहे. तिला कोलॅजनच्या कॅप्सूल सुरू कराव्यात का?

प्रश्न चांगले आहेत. पण सगळ्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न आराखड्यात नाही, म्हणून तो आधी घेतो. पाय सुजला नाही ही एक गोष्ट. टॉलरन्स आला ही दुसरी. पहिली दिसली की दुसरी झालीच, असं धरून आपल्याकडे बरेच प्रबंध लिहिले जातात आणि व्हायव्हात नेमके तिथेच अडकतात.

टॉलरन्स म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून टाकणं नव्हे. बाकी सगळ्या परक्या गोष्टींशी ती नेहमीसारखी लढते. फक्त एका ठराविक प्रथिनाला हात लावत नाही. कल्पना जुनी आहे. १९११ मध्ये वेल्स यांनी गिनी पिगना कोंबडीच्या अंड्यातलं प्रथिन खाऊ घातलं, तेव्हा नंतर त्याच प्रथिनाच्या इंजेक्शनने येणारी जीवघेणी अॅलर्जी त्यांना आली नाही. १९४५ मध्ये ओवेन यांना दिसलं की गर्भात एकमेकांशी रक्ताची देवाणघेवाण झालेली जुळी वासरं मोठेपणीही एकमेकांच्या रक्तपेशी बिनतक्रार बाळगतात. १९५३ मध्ये बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावार यांनी हीच गोष्ट उंदरांत मुद्दाम घडवून आणली. १९६०चं नोबेल मेडावार आणि बर्नेट यांना मिळालं ते यासाठी. पुढे १९९५ मध्ये साकागुची यांनी प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) वेगळ्या ओळखून दाखवल्या. ब्रुंको आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये स्कर्फी नावाच्या आजारी उंदरांतून फॉक्सपी-थ्री हे जनुक शोधलं आणि या पेशींचं सूत्र त्याच जनुकाच्या हाती आहे हे लवकरच कळलं. २०२५चं नोबेल या तिघांना मिळाल्यामुळे या पेशींसाठीचा ‘ट्रेग’ हा शब्द आता वर्तमानपत्रांतही येतो. तुमच्या गाइडना हा विषय एकदम आवडला, त्यामागे तेही कारण असावं.

आता पाय न सुजण्याची बाकीची कारणं बघू. यातली काही आपल्या नागपूरच्या हवेशी जोडलेली आहेत.

पहिलं कारण इमल्शनचं, म्हणजे टोचायच्या तेल-पाण्याच्या मिश्रणाचं. टाइप टू कोलॅजन हे कूर्चेतलं प्रथिन. त्याच्या तीन साखळ्या तिपेडी वेणीसारख्या गुंफलेल्या असतात आणि रोग निर्माण करायला ती वेणी शाबूत लागते. १९७७ मध्ये ट्रेन्टहॅम, टाउन्स आणि कांग यांनी हे मॉडेल पहिल्यांदा मांडलं, तेव्हाच त्यांनी दाखवलं होतं की उष्णतेने उलगडलेल्या कोलॅजनने संधिवात होत नाही. टाइप वन किंवा टाइप थ्री कोलॅजननेही होत नाही. ही वेणी साधारण चाळीस अंशांच्या आसपास सुटू लागते. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीतलं तापमान किती असतं, हे नागपूरकराला सांगायला नको. कोलॅजन विरल अॅसेटिक अॅसिडमध्ये चार अंशांवर रात्रभर विरघळू द्यायचं. फ्रीजच्या दारात नव्हे, आतल्या फळीवर. सकाळी ‘अजून गुठळ्या दिसतात’ म्हणून कोमट पाण्यात धरायचं नाही. कुपी कुरियरने आली असेल, तर बर्फ वितळलेला होता का, हे डबा उघडतानाच नोंदवहीत लिहा.

इमल्शन दोन काचेच्या सिरिंज जोडून बर्फावर करायचं. कोलॅजनचं द्रावण आणि फ्रॉइंड्स अॅडज्युव्हंट (प्रतिकारशक्तीला डिवचणारं तेलकट द्रव्य) समान घ्यायचं आणि इकडून तिकडे ढकलत राहायचं. सुरुवातीला दट्ट्या सहज सरकतो आणि आतलं दुधासारखं दिसतं. हळूहळू ते घट्ट होतं, अंगठा दुखायला लागतो, आणि दट्ट्या ढकलताना जोर लावावा लागतो. मग एक थेंब बर्फाच्या पाण्यात सोडायचा. तो पांढऱ्या मण्यासारखा आहे तसा तरंगला तर झालं. कडा पसरल्या, पाण्यावर तवंग आला, तर परत ढकलायला घ्या. हा थेंब न बघता टोचलेल्या प्राण्यांत रोग आला नाही, तर त्याचं श्रेय पाजलेल्या कोलॅजनला देऊ नका. हे करताना चष्मा घाला. कम्प्लीट अॅडज्युव्हंटमध्ये मारलेले क्षयजंतू असतात. ते स्वतःच्या बोटात किंवा डोळ्यात गेलं तर गाठ येते आणि महिनोन्महिने पिच्छा सोडत नाही.

दुसरं कारण ताणाचं, आणि तिकडे सहसा कोणी बघत नाही. लुईस जातीच्या रॅटना संधिवात लवकर होतो, फिशर जातीच्या रॅटना होत नाही. १९८९ मध्ये स्टर्नबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लुईस रॅटच्या मेंदूकडून अधिवृक्क ग्रंथींना जाणारा इशाराच दुबळा असतो, त्यामुळे दाह सुरू झाल्यावर त्यांच्या शरीरात स्वतःचं स्टेरॉइड पुरेसं तयार होत नाही. फिशरच्या शरीरात ते भरपूर होतं. मग ज्या प्राण्याला दिवसरात्र ताण आहे, त्याच्या अंगातलं स्टेरॉइड वाढलेलं असणार आणि त्याचा पायही कमी सुजणार. आपल्या अॅनिमल हाउसमध्ये भर उन्हाळ्यात लाइन गेली, जनरेटर चालू व्हायला वेळ लागला, खोली तापली, की तुमचा प्रयोग त्या रात्री बदललेला असतो. एका ठिकाणी असं झाल्यावर सगळ्याच गटांतला रोग सौम्य निघाला आणि ते ‘औषधाचा संरक्षक परिणाम’ म्हणून लिहिलं गेलेलं मी वाचलं आहे. कंट्रोल गटही सौम्य होता, ही ओळ तक्त्यात होती, चर्चेत नव्हती. म्हणून खोलीत तापमान नोंदवणारा साधा लॉगर ठेवा आणि जमत असेल तर इंडक्शनचं, म्हणजे रोग निर्माण करण्याचं, काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आणा. गाइडना एप्रिलमध्ये सुरू करायची घाई असेल, तर हे कारण सांगा, पटेल.

याच कारणामुळे ‘न पाजलेला’ गट हा कंट्रोल होऊ शकत नाही. रोज मानगूट धरून घशात नळी घालणं हाही ताणच आहे. कंट्रोल गटालाही तितकेच दिवस, तितक्याच आकारमानाचं तेच पातळ द्रावण, फक्त कोलॅजनशिवाय, नळीनेच पाजायला हवं.

तिसरं कारण म्हणजे पाजलेली वस्तू नुसती दाहशामक असणं. आपल्या भागातल्या प्रयोगशाळांत गुळवेल, निर्गुंडी, शल्लकी यांच्या अर्कांवर पुष्कळ काम होतं. त्यातलं काही चांगलंही आहे. पण तो अर्क चालू असेपर्यंत सूज कमी राहते आणि थांबवला की परत येते. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचंही तसंच. त्याला दाह शमवणं म्हणायचं. टॉलरन्सचा त्यात संबंध नाही.

मग टॉलरन्स म्हणायचं कशाला? माझ्या मते तीन गोष्टी दाखवता आल्या पाहिजेत. तिन्ही नाही जमल्या तरी दोन तरी.

पाजणं थांबल्यावरही संरक्षण टिकलं पाहिजे. आराखड्यात तुम्ही कोलॅजन ‘प्रयोग संपेपर्यंत’ चालू ठेवलं आहे. ते काढा. इंजेक्शनच्या चार-पाच दिवस आधी पाजणं बंद करा आणि मग बघा. एवढ्या एका बदलाने तुमच्या कामाचं वजन दुप्पट होईल.

संरक्षण त्याच प्रथिनापुरतं असलं पाहिजे. त्यासाठी एका गटाला कोलॅजनऐवजी ओव्हाल्ब्युमिन, म्हणजे अंड्यातलं प्रथिन, तितक्याच प्रमाणात पाजा. हा गट आजारी पडायला हवा. सोयाचं प्रथिन मात्र या कामाला घेऊ नका. प्राण्यांच्या गोळ्यांच्या खाद्यात बहुधा सोया असतो आणि त्यांचा सोयाबद्दलचा टॉलरन्स तुम्ही यायच्या आधीच तयार झालेला असतो. शिवाय कोलॅजन पाजलेल्या प्राण्यांची इतर प्रतिकारशक्ती शाबूत आहे, हेही दाखवायचं. त्याला महागडं काही लागत नाही. मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचून अँटिबॉडीचा टायटर (प्रमाण) बघणं, ही पद्धत तुमच्या विभागातल्या जुन्या सरांना तोंडपाठ असेल. मेंढीच्या रक्तासाठी सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारून पाहा. कोलॅजनविरुद्धच्या अँटिबॉडी कमी आणि मेंढीच्या पेशींविरुद्धच्या नेहमीइतक्या, असं एका तक्त्यात आलं तर परीक्षकाचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

इथे एक गुंतागुंत आहे आणि ती मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. १९९० मध्ये बोस्टनच्या वायनर यांच्या गटाने लुईस रॅटना अगदी मायक्रोग्रॅममध्ये टाइप टू कोलॅजन पाजलं आणि मग अॅडज्युव्हंट संधिवात घडवला. या संधिवाताची ठिणगी क्षयजंतूंच्या प्रथिनांतून पडते, कोलॅजनमधून नाही. तरीही रोग दबला. कारण आतड्यात तयार झालेल्या आवर घालणाऱ्या पेशी सांध्यात जातात, तिथे कोलॅजन दिसलं की टीजीएफ-बीटासारखी शांत करणारी द्रव्यं सोडतात, आणि शेजारी दुसऱ्याच कारणाने चिडलेल्या पेशीही गप्प होतात. म्हणजे संरक्षण कुणाविरुद्ध हे रोगाच्या ठिणगीवर ठरत नाही. पाजलेली वस्तू सांध्यात हजर आहे की नाही यावर ठरतं. ओव्हाल्ब्युमिन सांध्यात नसतं, म्हणून त्याचा उपयोग होत नाही. याच कामातून दुसरीही गोष्ट पुढे आली. कमी मात्रा वारंवार पाजली तर आवर घालणाऱ्या पेशी तयार होतात. मोठी मात्रा पाजली तर त्या प्रथिनाला ओळखणाऱ्या टी पेशी निपचित पडतात किंवा मरतात. दोन्हींना टॉलरन्सच म्हणतात, पण यंत्रणा वेगळी. त्यामुळे मात्रा ‘मागच्या पेपरमध्ये होती तीच’ म्हणून उचलू नका. किमान दोन मात्रा ठेवा आणि त्या एकमेकींपासून दहापट तरी दूर असू द्या.

तिसरी गोष्ट म्हणजे हे संरक्षण पेशींबरोबर दुसऱ्या प्राण्यात नेता येणं. पाजलेल्या प्राण्याच्या प्लीहेतल्या पेशी न पाजलेल्या प्राण्याला द्यायच्या आणि मग त्याला रोग होतो का ते बघायचं. हा सगळ्यांत पक्का पुरावा. पण विस्टार रॅटमध्ये तो मिळवता येणार नाही. विस्टार ही मिश्र पैदाशीची जात. एकाच्या पेशी दुसऱ्याचं शरीर परक्या म्हणून हाकलून लावतं. त्यासाठी लुईस रॅट किंवा डीबीए-वन उंदीर अशी शुद्ध पैदास लागते. तेव्हा आराखड्यातलं ‘अॅडॉप्टिव्ह ट्रान्सफर’ हे कलम एक तर काढा, नाही तर जात बदला. ते तसंच राहिलं तर एथिक्स कमिटीतला कोणी जाणकार पहिलं बोट तिथेच ठेवेल.

फ्लो सायटोमेट्रीवर (पेशी ओळखून मोजण्याच्या यंत्रावर) ट्रेग पेशींची टक्केवारी वाढली, एवढ्यावर मी टॉलरन्स मानणार नाही. पेशी मोजल्या म्हणजे त्यांनी काम केलं असं होत नाही.

मॉडेलचा प्रश्न यातून बराचसा सुटतो. आपल्याकडे सर्वाधिक वापर होतो तो विस्टारच्या मागच्या पंजात ०.१ मिलिलिटर कम्प्लीट अॅडज्युव्हंट टोचण्याचा आणि प्लेथिस्मोमीटरने पंजाचं आकारमान मोजण्याचा. स्वस्त आहे, सगळ्यांना येतं. पण टोचलेला पंजा सुजतो तो बऱ्याच अंशी टोचल्यामुळेच. प्रतिकारशक्तीचा खरा रोग बघायचा तर न टोचलेल्या पंजाकडे बघायचं. साधारण दहाव्या-बाराव्या दिवसापासून तिथे घोटा लाल होतो, सुजतो. टॉलरन्सचा दावा करणाऱ्या कामात फक्त टोचलेल्या पंजाचे आकडे असतील, तर तो दावा मी वाचायचा थांबवतो. या मॉडेलमागचा एक गाजलेला शोध मात्र तुमच्या प्रस्तावनेत यायला हवा. १९८८ मध्ये व्हान ईडन आणि सहकाऱ्यांनी क्षयजंतूच्या ६५ किलोडाल्टनच्या हीट शॉक प्रथिनातला, या संधिवातामागच्या टी पेशी ओळखतात तो १८० ते १८८ क्रमांकाचा तुकडा हुडकला. तेच प्रथिन आधी देऊन ठेवलं, तर रॅट या संधिवातापासून वाचतात, हेही त्यांनी दाखवलं.

तुमचा विषय मुळात कोलॅजनचा, म्हणून मी कोलॅजन मॉडेल घेईन. डीबीए-वन उंदीर मिळाले तर उत्तम: शेपटीच्या मुळाशी त्वचेत पहिलं इंजेक्शन, एकविसाव्या दिवशी बूस्टर, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पंजे सुजू लागतात. प्रत्येक पंजाला शून्य ते चार गुण, एकूण सोळा. नर घेतले तर ते आपसांत मारामाऱ्या करतात आणि चावलेला पंजा सुजलेला दिसतो, हे लक्षात असू द्या. उंदीर मिळाले नाहीत, तर विस्टार माद्या, इनकम्प्लीट (क्षयजंतू नसलेल्या) अॅडज्युव्हंटमधलं गाईच्या कूर्चेचं कोलॅजन, आणि सातव्या दिवशी बूस्टर. गुण देणाऱ्या व्यक्तीला पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीचा अर्थ माहीत नसावा. मैत्रिणीला बसवा, दुसऱ्या विभागातली असेल तर फारच छान. शेवटी सांध्याचे काप करा आणि कूर्चेसाठी टोल्युइडिन ब्लू किंवा सॅफ्रॅनिन-ओ हा रंग लावा. सूज उतरते, खाल्ली गेलेली कूर्चा लपत नाही.

गटात सहा प्राणी पुरतील का? विस्टारमध्ये पुरणार नाहीत. ट्रेन्टहॅम यांच्या पहिल्या कामात वेगवेगळ्या जातींच्या रॅटमध्ये साधारण ४० टक्क्यांनाच रोग झाला होता. तुमच्या हातून तेवढाच होतो असं धरू. मग काहीही न पाजता सहा रॅट ठेवले, तरी सहाच्या सहा निरोगी राहण्याची शक्यता जवळजवळ ५ टक्के आहे आणि जास्तीत जास्त एकच आजारी पडण्याची २३ टक्के. म्हणजे जवळपास चारांतल्या एका वेळी तुम्हाला ‘एकच आजारी पडला’ हा चित्र काढण्याजोगा निकाल फुकटात मिळेल. आधी छोटा पायलट करा, आपल्या हातून रोग किती टक्के प्राण्यांत येतो ते बघा. तो ९० टक्क्यांच्या आसपास आणता आला आणि पाजल्यावर ४० वर येईल अशी अपेक्षा असेल, तर गटात १२ ते १५ प्राणी लागतील. कमिटीला आकडा मोठा वाटेल. पण तीस प्राण्यांना वेदना देऊन काहीच न कळणं, हे साठांना देऊन काहीतरी कळण्यापेक्षा वाईट आहे, असं माझं मत आहे आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीच्या (सीसीएसईए) चौकटीतही ते बसतं. प्राणी वाचवायचे असतील तर डायक्लोफेनॅकचा गट काढून टाका. तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या औषधाचा राहू द्या. पंजे सुजलेल्या प्राण्याला उभं राहून वरच्या जाळीतलं खाद्य घेता येत नाही. त्याच्यासाठी ओलं खाद्य पिंजऱ्यात खालीच ठेवा, बाटलीची नळी लांब घ्या, तूस मऊ घ्या. वजन २० टक्क्यांनी उतरलं की त्या प्राण्याचा प्रयोग तिथे संपवायचा, हे आधीच लिहून ठेवा.

आता माणसांचं. १९९३ मध्ये ट्रेन्टहॅम यांनी ६० रुग्णांच्या चाचणीत एका गटाला तीन महिने कोंबडीचं टाइप टू कोलॅजन पाजलं, दुसऱ्याला प्लॅसिबो, आणि कोलॅजनच्या गटात सुजलेल्या सांध्यांची संख्या कमी झाली. चार जणांत रोग पूर्ण शमला. मोठी खळबळ उडाली. १९९८ मध्ये २७४ रुग्णांत दिवसाला २० ते २,५०० मायक्रोग्रॅम अशा वेगवेगळ्या मात्रा तपासल्या गेल्या. सर्वांत कमी मात्रेत थोडा फायदा दिसला, तोही एका निकषावर. १९९९ मध्ये १९० रुग्णांच्या चाचणीत काहीच फरक आढळला नाही. तिथे तो रस्ता जवळपास बंद झाला.

कारण तुमच्याच आराखड्यात आहे. रॅटला रोग कोणत्या दिवशी होणार हे तुम्हाला माहीत आहे, कारण तो तुम्ही देणार आहात. कोणत्या प्रथिनामुळे होणार, हेही माहीत आहे. माणसाच्या बाबतीत दोन्ही माहीत नसतं. डच रक्तदात्यांच्या साठवलेल्या नमुन्यांवरच्या २००४च्या कामात दिसलं, की पुढे आमवात झालेल्यांपैकी ज्यांच्या रक्तात पूर्वखुणा (या आजाराच्या अँटिबॉडी) सापडल्या त्यांच्यात त्या लक्षणांच्या आधी मध्यक साडेचार वर्षं, काहींत त्याहूनही पुष्कळ आधीपासून होत्या. म्हणजे रुग्ण धंतोलीतल्या दवाखान्यात बोटं दाखवायला येतो, तोवर भांडण जुनं झालेलं असतं आणि एका प्रथिनावरून सुरू झालेलं दहांवर पसरलेलं असतं. बहुतेकांत ते सिट्रुलिनेटेड, म्हणजे शरीरात रासायनिक बदल झालेल्या, प्रथिनांवरून असतं, साध्या कोलॅजनवरून नव्हे. ट्रेन्टहॅम यांचे रुग्ण वर्षानुवर्षं आजारी होते. ज्यांच्यात कोलॅजन जमलं ते रॅट एक दिवसही नव्हते. म्हणून ‘प्राण्यांत संधिवात रोखला’ असा पेपर हातात आला, की मी सारांश सोडून थेट पद्धतीच्या भागात जातो आणि पहिली मात्रा कोणत्या दिवशी दिली ते शोधतो. उणे चौदाव्या दिवशी, म्हणजे रोगाच्या इंजेक्शनच्या चौदा दिवस आधी, दिली असेल तर तो प्रतिबंध. सूज आल्यावर दिली असेल तर तो उपचार, आणि तसे पेपर फार कमी निघतात.

दुसरं कारण प्राण्यांच्या स्वच्छ आयुष्याचं आहे. २०१६ मध्ये मॅसोपस्ट यांच्या गटाने दाखवलं की प्रयोगशाळेत स्वच्छ वाढलेल्या उंदराची प्रतिकारशक्ती नवजात बाळासारखी असते, आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या उंदराची प्रौढ माणसासारखी. हा फरक किती महागात पडतो, हे त्याच्या दहा वर्षं आधी लंडनमध्ये दिसलं होतं. टीजीएन-१४१२ नावाची एक अँटिबॉडी होती. तिच्यासारख्याच अँटिबॉडीने रॅटमध्ये आवर घालणाऱ्या पेशी वाढत होत्या आणि अॅडज्युव्हंट संधिवात आटोक्यात येत होता. माकडांतही ती सुरक्षित दिसली. १३ मार्च २००६ रोजी सहा निरोगी स्वयंसेवकांना माकडांतल्या सुरक्षित मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढी मात्रा दिली. काही तासांत सहाही जण सायटोकाइनच्या (दाह पेटवणाऱ्या द्रव्यांच्या) वादळात सापडून अतिदक्षता विभागात गेले. सगळे वाचले, पण निकराने. ही अँटिबॉडी ज्याला चिकटते तो सीडी-२८ हा रेणू माणसाच्या अनुभवी (आधी जंतूंशी गाठ पडलेल्या) टी पेशींवर असतो, त्या माकडांच्या तशाच पेशींवर तो नसतो. आणि पिंजऱ्यातल्या रॅटकडे अनुभवी पेशी मुळातच कमी. तुमच्या चर्चेच्या प्रकरणात हा प्रसंग जरूर घ्या.

अलीकडची दिशा अशी आहे की प्रथिन पाजण्याऐवजी रुग्णाच्याच डेंड्रायटिक पेशी (टी पेशींना प्रथिनाचे तुकडे दाखवणाऱ्या) बाहेर काढून, शांत करून, सिट्रुलिनेटेड तुकडे देऊन परत सोडायच्या. ब्रिस्बेनच्या रंजनी थॉमस यांच्या गटाने २०१५ मध्ये याची पहिली छोटी चाचणी प्रसिद्ध केली. ती सुरक्षित ठरली. रोग बरा झाला, असं म्हणायला ती नव्हतीच. दुसरीकडे, रक्तात खुणा आहेत आणि सांधे दुखतात पण सुजलेले नाहीत, अशा माणसांना आधीच औषध द्यायचं. २०२४ मध्ये अॅबॅटासेप्ट या औषधाच्या एपिप्रा नावाच्या चाचणीत २१३ जण होते. वर्षभर औषध चालू असताना औषधाच्या गटात ६ टक्क्यांना संधिवात झाला, प्लॅसिबोच्या गटात २९. औषध थांबवून आणखी एक वर्ष गेल्यावर आकडे झाले २५ आणि ३७. आता माझी पहिली कसोटी इथे लावून बघा. औषध थांबल्यावर फायदा आटत गेला. रोग लांबला, आणि रुग्णासाठी तेही थोडं नाही. पण याला टॉलरन्स म्हणवत नाही.

राहिला आईचा प्रश्न. दुकानात किंवा ऑनलाइन ‘कोलॅजन’ म्हणून मिळणारी बहुतेक पावडर मासळीच्या किंवा जनावरांच्या कातडीतल्या टाइप वन कोलॅजनचे बारीक तुकडे असते. टॉलरन्सशी तिचा संबंध नाही. ते महागडं प्रथिन आहे. ‘अनडिनेचर्ड टाइप टू’ असं लिहिलेल्या छोट्या कॅप्सूल वेगळ्या. त्या कोंबडीच्या छातीच्या कूर्चेपासून करतात, तेव्हा घरी शाकाहार असेल तर आईला आधी सांगा. त्यांच्यावरच्या चाचण्या मुख्यतः गुडघ्याच्या झिजेसाठी झाल्या आहेत, आमवातासाठी नाहीत. मी माझ्या आमवाताच्या रुग्णांना त्या लिहून देत नाही. घ्यायच्याच असतील तर चालू औषधांवर हात न लावता घ्याव्यात आणि डॉक्टरांना सांगून.

आई मेथोट्रेक्सेट घेत असेल, तर एक गोष्ट आजच तपासा. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या वारी. रोज घेतली गेली तर रक्तपेशी खाली येतात आणि जीवावर बेतू शकतं. सोबतच्या फॉलिक अॅसिडच्या आणि मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या दिसायला सारख्या असल्या की ही गल्लत होते. पाकिटावर मार्करने वार लिहून ठेवा. कुणी गावाकडून ‘सांध्याची पुडी’ आणून दिली आणि दोन दिवसांत जादू झाली, तर तीत बहुधा स्टेरॉइड असतं. ती अचानक बंदही करू नका. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

तुमच्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. आईला आमवात आहे म्हणून लक्षणं नसताना अँटी-सीसीपी (आमवाताची रक्तातली अँटिबॉडी) तपासून घेण्याची गरज नाही. पॉझिटिव्ह आली तर आज देण्यासारखं मान्यताप्राप्त प्रतिबंधक औषध नाही, आणि काळजी मात्र कायमची घरी येते. सकाळी उठल्यावर बोटं अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहू लागली, किंवा हस्तांदोलनात बोटांच्या मुळाशी दुखू लागलं, तर मात्र थांबू नका. चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर तेही सांगा. नागपुरात २०२४च्या साथीनंतर असे सांधे घेऊन आलेले पुष्कळ जण आमवाताचे नव्हते. घरात कोणी सिगारेट किंवा बिडी ओढत असेल, तर या आजाराच्या आपल्या हातातल्या कारणांपैकी सध्या सर्वांत पक्का पुरावा त्याचा आहे.